माजघरातली एक फरशी

१

सत्य शेवटी उजेडात येतंच, आणि ते उजेडात आलं की निरपराध माणसाला न्याय मिळतो. पोलीस पाटील उत्तमरावांचा यावर पूर्ण विश्वास होता. बावीस वर्षांच्या पाटीलकीत त्यांनी चौदा गोष्टी शोधून काढल्या होत्या. त्यातल्या अकरा शेळ्या होत्या, आणि अकरापैकी चार आपण होऊन घरी आल्या होत्या.

फसली तेराशे सत्तेचाळीसच्या चैत्रात, म्हणजे इंग्रजी अडतीस साली, पंधरावी गोष्ट हरवली. ती शहाबादी फरशी होती. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, आणि एकट्या माणसाच्या कमरेचा काटा ढिला करील इतकी जड.

गाव पुसेगावपासून तीन कोसांवर, दीडशे उंबऱ्यांचं. तिथले किसनराव घर नवं करून राहिलेत, ही बातमी लग्नाच्या बातमीसारखी फिरली होती, कारण त्या घरातून दुसरी कसली बातमी निघण्याची शक्यता उरली नव्हती. किसनराव आणि मिराबाई यांच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. एक मूल झालं होतं, ते अकराव्या दिवशी गेलं. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळं त्याला नावही नव्हतं. पुढं घरात दोनच माणसं राहिली. एकमेकांना दुखेल असं काही बोलायचं नाही, याची दोघांना इतकी सवय झाली, की बोलणंच फारसं होत नसे.

घराची मागणी मिराबाईंची होती आणि ती अगदी थोडक्यात होती. "सारवून सारवून गुडघे गेले माझे. माजघरात तेवढी फरशी टाका."

किसनराव आठ दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आधी माळवद करू, छत गळतं. माळवद झालं. मग म्हणाले, खिडकी पाडू, उजेड नाही. खिडकी पाडली. मग स्वयंपाकघराचं दार पूर्वेचं उत्तरेला गेलं, चुलीनं जागा बदलली, गोठ्याला नवा कूड आला. दीड वर्षात घरातली प्रत्येक वस्तू हलली. माजघराची जमीन तेवढी होती तशी राहिली. मिराबाई दर अमावास्येला विचारत, "फरशीचं काय झालं?" आणि किसनराव दर अमावास्येला घराचा आणखी एक कोपरा मोडायला काढत.

शेवटी मोडायला काही उरलं नाही, तेव्हा हिंगोलीच्या टेसनावर गाडी गेली आणि छत्तीस फरश्या आल्या. खेमा गवंड्यानं त्या सहा-सहाच्या ओळीत बसवल्या. मिराबाई पहिल्या दिवशी त्यावर पाय जपून ठेवत चालल्या, जणू परक्याच्या घरात आल्यात.

चौथ्या दिवशी मागच्या भिंतीजवळची एक फरशी निघून भिंतीला टेकून उभी दिसली. खेमानं शिव्या खाल्ल्या आणि ती परत बसवली. पुढच्या शुक्रवारी मिराबाई ओढ्यावरून धुणं घेऊन आल्या, कुलूप काढलं, आणि माजघरात गेल्या. तीच फरशी नव्हती. या खेपेला भिंतीशीही नव्हती.

तिच्या जागी चौकोनी जमीन उघडी पडली होती. आणि ती कुणीतरी शेणानं सारवली होती.

२

शनिवारी सकाळी उत्तमराव आले तेव्हा माजघरात किसनरावांचा चुलतभाऊ दगडोबा आधीच चौकशी करत होता. दगडोबाला कुणी चौकशीला नेमलं नव्हतं. त्याला आजवर कुणी कशालाच नेमलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडं वेळ होता.

"पाटील, सरळ गोष्ट हाये," तो म्हणाला. "खाली धन हाये. आमच्या आज्यानं पुरलेलं. त्यात माझाबी वाटा हाये बरं का."

"तुझ्या आज्यानं तर माझ्या आज्याकडून बी-बियाणं उसनं नेलं होतं," उत्तमराव म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी पहारीचं टोक त्या चौकोनात दाबलं. वरची सारवणाची खपली फुटली. खालची जमीन मात्र वर्षानुवर्षं चोपलेली, ठणठणीत होती. कुणी वीतभरही खणलं नव्हतं. धनासाठी फरशी काढणारा माणूस जमीन खणल्याशिवाय जात नाही, आणि खणलेली जमीन अशी ठणठणत नाही. दगडोबाचा वाटा तिथंच संपला.

खेमा गवंडी दाराशी उभा होता. गुन्हा घडला की गवंड्यानं हजर राहायचं, ही रीत त्याला पहिल्या वेळी कळली होती.

"पाटील, माझं काम कच्चं असंल तर फरशी हालंल. डुगडुगंल. फार तर फुटंल. पण चालत जाईल का?"

"कुलूप?"

"हिंगोलीचं हाये," किसनराव ओसरीतून म्हणाले. "फरशीसंगंच आणलं. दोन किल्ल्या. एक हिच्या कमरंला, एक माझ्यापाशी."

"अन् तुमी शुक्रवारी कुठं होता?"

"रानात. खताच्या गाड्या वाहून राहिलो ना."

त्या आठवड्यात अख्खा गाव खताच्या गाड्या वाहत होता. उत्तमराव स्वतःही वाहत होते. त्यांनी सारवणाची एक खपली उचलली, पटक्याच्या शेवात बांधली, आणि तपासात प्रगती आहे असा चेहरा केला. मिराबाई खांबाला टेकून त्या चौकोनाकडं बघत होत्या. फरशी गेलेल्या बाईचा चेहरा तो नव्हता. पण तो कशाचा होता, हे पाटलांना त्या वेळी सांगता आलं नसतं.

"वैनी, तुमाला कोणाचा संशय?"

"न्हाई," मिराबाई म्हणाल्या. त्या फार पटकन म्हणाल्या.

संध्याकाळी दगडोबा धावत आला. फरशी सापडली होती. रानाच्या वाटेवर, चांगुणाबाईच्या खोपटापुढं, ती आडवी टाकलेली होती, आणि चांगुणाबाई तिच्यावर बसून पाय धूत होती.

३

चांगुणाबाई म्हणजे गावाची सुईण. साठीच्या पुढची, एकटी, सात शेळ्या आणि एक खोपट. गावातल्या पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला जगात आल्यावर पहिला हात तिचा लागला होता. दगडोबालाही. त्यामुळंच बहुधा त्याला घाई होती.

"भानामती," दगडोबा चावडीत म्हणाला. "बंद कुलपातून दगड बाहेर जातो. ज्या घरात लेकरू वाचलं न्हाई त्याच घरातून जातो. अन् निघतो कुठं? जिच्या हातून लेकरू गेलं तिच्या दारात. आणखी काय पायजे?"

धनाचं अनुमान सकाळी कोसळलं होतं, तरी तो खचला नव्हता. गावाला मात्र हे दुसरं अनुमान आवडलं. धन निघालं असतं तर दगडोबाचा फायदा झाला असता; भानामतीत कुणाचाच फायदा नव्हता, म्हणून सगळ्यांना ते पटलं. ठरलं असं, की अमावास्येच्या आत चांगुणाबाईनं शेळ्या घेऊन गावची शीव सोडावी. अमावास्या चार दिवसांवर होती. न सोडल्यास काय करायचं हे कुणी बोललं नाही. पलीकडच्या तालुक्यात अशा एका बाईचे दात दगडानं पाडले होते, ते सगळ्यांना माहीत होतं.

किसनराव चावडीत मागं बसले होते. ते सगळा वेळ आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत होते.

उत्तमराव खोपटावर गेले. चांगुणाबाई शेळीच्या पायातला काटा काढत होती.

"माय, फरशी कोणी आणली?"

"मी न्हाई आणली."

"ते मला दिसतंय. तू उचलली असतीस तर मी तुला सरकारी हमाल केलं असतं. आणली कोणी?"

"धर जरा हिचा पाय."

उत्तमरावांनी शेळीचा पाय धरला. शेळ्यांच्या बाबतीत त्यांचा अनुभव होता.

"माय, चार दिवस उरले. तू कुठं जाशील?"

"वारंग्याकडं भाचा हाये. तो ठेवील की न्हाई, म्हाईत न्हाई." तिनं काटा काढून फुंकून टाकला. "साठ वर्सं इथलं पाणी पिले. आता कुठलं पाणी मानवंल मला? मला जायाचं न्हाई, पाटील. पण बोलायचंबी न्हाई."

"काहून?"

"मी सुईण हाये. घराघरात जे पाह्यलं ते बोलले असते, तर तुमच्या गावात दोन घरं एकमेकांशी बोलली नसती." शेळीला सोडून ती म्हणाली, "अन् हे तर लई वायलं हाये. एकाचं सांगितलं की दुसऱ्याचं फुटतं."

परत निघताना उत्तमरावांनी वाटेवरच्या दोघांकडून फरशी पालथी करवली. खालच्या खडबडीत अंगाला भुकटी चिकटली होती. काळी, कोरडी, तिच्यात कडब्याचे तुकडे. त्यांनी ती बोटावर घेतली, वास घेतला, आणि त्यांना काहीच कळलं नाही.

४

ज्या तपासात पोलीस पाटील अडतात, तिथं त्यांच्या घरच्यांना अडायचं कारण नसतं.

दोन दिवसांनी उत्तमराव जेवायला बसले आणि पटक्याची गाठ सोडून खपली ताटाशेजारी ठेवली. त्यांच्या पत्नी शालूबाईंनी भाकर वाढता वाढता पाहिलं.

"ही घाण काहून आणली ताटापाशी?"

"घाण न्हाई. पुरावा हाये. किसनरावच्या माजघरातलं सारवण."

शालूबाईंनी खपली उचलली, मोडली, नाकाशी नेली, आणि नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की बावीस वर्षांची पाटीलकी त्या नजरेत मावली.

"हे सारवण म्हणता तुमी?"

"मग काय हाये?"

"उकिरड्याचं खत हाये. राख बघा यात. कडबा बघा. कोणती बाई घर सारवायला उकिरड्यावरलं घेईल? ताजं शेण घेतात, गाईचं, त्यातलं काडीकस्पट येचतात, पांढरी माती घालतात. हे वाळल्यावर कसं तडकलं बघा, रानातल्या भेगेवानी." त्यांनी खपली चुलीत टाकली. "जन्मात सारवलं न्हाई अशा माणसानं केलंय हे. शेण ते शेण, असं वाटलं असंल बिचाऱ्याला. बाप्या माणूस हाये कोणतरी."

पुरावा जळून गेला होता. उत्तमरावांनी तक्रार केली नाही. त्यांच्या डोक्यात गोष्टी एकामागं एक बसत होत्या, खेमाच्या फरश्यांसारख्या.

चांगुणाबाई नाही, ती बाई आहे, आणि फरशी उचलायची तिची ताकद नाही. फरशीला खत लागलंय, म्हणजे ती खताच्या गाडीतून गेली, आणि खोपट रानाच्या वाटेवरच आहे. खेमाकडं गाडी नाही, बैल नाही. दगडोबाकडं गाडी आहे; पण दगडोबानं जमीन खणली असती, सारवली नसती. कुलूप तुटलं नाही. तेव्हा ज्याच्यापाशी किल्ली आहे, त्या शुक्रवारी ज्याच्याकडं खताची गाडी होती, ज्याला खाली खणायचं नव्हतं, आणि उघडी जमीन तशीच सोडून जायला ज्याचा जीव धजला नाही, असा बाप्या माणूस गावात एकच होता. फरशी आणणाराही तोच होता.

फक्त एक कळत नव्हतं. दीड वर्ष घर मोडून, बैल दमवून, हिंगोलीहून आणलेली फरशी त्यानं स्वतःच का चोरली?

उत्तमराव अर्ध्या भाकरीवरून उठले.

५

किसनराव गोठ्यात होते. उत्तमरावांनी इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला, पण तो त्यांचा प्रांत नव्हता.

"किसनराव, खतानं सारवत न्हाईत," ते म्हणाले.

किसनराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग खाली बसले.

"मला काय म्हाईत," ते म्हणाले. "कधी केलं होतं मी?"

"चांगुणामायला परवा शीव सोडायची हाये."

"मी सांगणारच व्हतो, पाटील. रोज चावडीकडं निघतो. पाय मागं येतात." त्यांनी घराकडं पाहिलं. "हिला कळू देऊ नका. तेवढं करा."

मग त्यांनी सांगितलं. मूल गेलं तेव्हा मिराबाई तापात होत्या; तीन आठवडे शुद्ध नव्हती. किसनरावांची आई म्हणाली, ओढ्यावर नको, घरातच ठेवा. दात न आलेलं लेकरू घरच्या मातीत ठेवलं तर परत त्याच कुशीत येतं. वर मातीच ठेवायची, दगड ठेवायचा नाही; दगड ठेवला की वाट बंद. चांगुणाबाईनं आपल्या हातानं त्याला किसनरावांच्या जुन्या पटक्यात गुंडाळलं, आणि मागच्या भिंतीपासून दोन हातांवर ठेवलं.

"ही शुद्धीवर आली, अन् पहिलं इचारलं, कुठं ठेवलं. तिथंच अंथरूण व्हतं, पाटील. तिथंच जेवायचं, तिथंच निजायचं. कसं सांगू? मी म्हणलं, ओढ्याकाठी, करंजाखाली. तवापासून दर साली ती करंजाखाली दिवा लावती. एकोणीस वर्सं. रिकाम्या जागंला. मी संगं जातो. उभा राहतो."

"अन् फरशी?"

"तिचे गुडघे दुखतात. न्हाई कसं म्हणू, अन् व्हय कसं म्हणू? लई दिवस काढले. शेवटी घातली. पण मग झोप लागंना. आता परत यायचं वय न्हाई आमचं, ते कळतं मला. पण छाताडावर दगड ठेवल्यावानी वाटे. माझ्या न्हाई, त्याच्या." त्यांनी नाक पुसलं. "फरशी लपवायला जागा न्हाई घरात. चांगुणामायला म्हणलं, न्हाणीत टाक. तिला सगळं म्हाईत हाये. तिनं एक शब्द इचारला न्हाई."

गोठ्याच्या नव्या कुडाचं काम किसनरावांनीच केलं होतं आणि ते चांगलं नव्हतं. पलीकडचं ऐकू यायचं, अलीकडचंही. मिराबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात बैलांसाठी आणलेली पेंड होती.

"तिथं काही न्हाई," त्या म्हणाल्या.

बैलानं पेंडेकडं मान लांब केली.

"त्याच साली पावसाळ्यात घूस लागली माजघराला. मोठं बीळ पाडलं. मी बुजवायला गेले, तर तुमचा पटका वर आला." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, दळण किती झालं हे सांगावं तसा. "मी चांगुणामायला बोलावलं. तुमी रानात व्हता. आमी दोघींनी त्याला करंजाखाली नेलं. तुमी जिथं सांगितलं व्हतं, तिथंच."

"मला बोलली न्हाईस," किसनराव म्हणाले.

"तुमी मला दुखू नये म्हणून सांगितलं व्हतं ना तसं? मग मी म्हणलं, सांगितलंय तर तसं व्हऊ द्या." त्यांनी पेंड खाली ठेवली. "उघडी जमीन पाह्यली तवाच मला वाटलं हे तुमी केलं. पण तुमी बोलंना. तुमी बोलल्याबिगर मी कसं बोलू? चांगुणामायकडं गेले, तर ती म्हणाली, अमावास्या येऊ दे, त्यो सांगंल."

एकोणीस वर्षं किसनराव अंथरुणावर कूस बदलताना त्या भिंतीकडं पाय करत नव्हते. एकोणीस वर्षं मिराबाई त्या जागेवरून बिनघोर झाडू फिरवत होत्या. आणि सबंध गावात एका म्हातारीला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तिनं दोघांचाही शब्द पाळला होता, आणि त्यापायी ती सात शेळ्या घेऊन वारंग्याची वाट धरायला तयार झाली होती.

किसनराव उठले. त्यांनी बायकोच्या अंगाला हात लावला नाही. पाटील समोर होते. पेंडेचं टोपलं तेवढं उचललं आणि बैलांपुढं ठेवलं.

"चावडीत मी सांगतो," ते म्हणाले.

"मीबी येते," मिराबाई म्हणाल्या.

६

चावडीत बाई येत नसे. मिराबाई आल्या आणि खांबापाशी उभ्या राहिल्या, त्यामुळं पहिला काही वेळ लोक त्यांच्याकडंच बघत राहिले आणि किसनराव काय म्हणाले ते त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"फरशी मी काढली. खताच्या गाडीत मी नेली. चांगुणामायचा काही संबंध न्हाई."

"आपल्याच घरातली?" एकानं विचारलं. "काहून?"

किसनरावांना पुढचं सांगता येईना. मिराबाईंनी ते सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ज्यांच्या घरात असं एखादं लेकरू गेलं होतं त्यांनी मान खाली घातली, आणि गावात तसं न गेलेलं घर शोधावं लागलं असतं.

दगडोबा शेवटपर्यंत थांबला होता. "म्हंजी धन न्हाईच?" त्यानं विचारलं.

"न्हाई," उत्तमराव म्हणाले.

"अन् भानामतीबी न्हाई?"

"तीबी न्हाई."

दगडोबाला दोन्ही बाजूंनी फसवल्यासारखं वाटलं. तो वहाणा घालून निघून गेला.

गावानं चांगुणाबाईची माफी मागितली. चार जाणती माणसं खोपटावर गेली, नारळ दिला, झालं गेलं विसर म्हणाली. तिनं नारळ घेतला, माणसांना ताक दिलं. शीव सोडायची गरज उरली नाही. उत्तमरावांनी पटवाऱ्याकडून सेनगावच्या निजामी पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांना उर्दूत कळवलं, की एक गुन्हा घडला होता, तो उघडकीस आला आहे, आणि तो गुन्हा नव्हता. खेमानं फरशी तिसऱ्यांदा बसवली. त्या वर्षी करंजाखाली नवराबायको दोघं गेले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तिथं होते. काय बोलले ते पाटलांच्या दफ्तरात नाही.

उत्तमरावांच्या हिशेबी हा त्यांचा सगळ्यात मोठा तपास. निरपराध बाई वाचली, गावात राहिली, तिच्याविषयी कुणाच्या मनात काही उरलं नाही, असं ते पुढं बरीच वर्षं सांगत.

पुढल्या दोन वर्षांत गावात नऊ बाळंतपणं झाली. नऊही वेळा गाडी जुंपून पुसेगावहून सुईण आणली.